चाक पाहून सांधा घ्यावा

बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६२ साली डभोई ते मियागाम अशी सुमारे वीस मैलांची रेल्वे टाकली तेव्हा तिच्यापुढे इंजिन नव्हतं, बैल होते. रुळांमधलं अंतर अडीच फूट आणि रूळ अगदी हलका, यार्डाला १३ पौंड. आजच्या मापात मीटरला साडेसहा किलोसुद्धा नाही. आपल्या मेन लाईनवर आता जो रूळ असतो तो मीटरला ६० किलोचा. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या नील्सन कंपनीचं इंजिन या लाईनवर आलं. इंजिनात खोट नव्हती आणि बैलगाडीपुरते रूळही चांगले होते, पण दोघं एकमेकांसाठी केलेले नव्हते. बैलांची सुटका काही झाली नाही. वजनदार रूळ टाकून १८७३ साली लाईन नव्यानं उभी राहिली, त्यानंतर कुठे वाफेच्या गाडीचा जम बसला.

बडोद्याच्या नागरवाड्यातल्या एका जुन्या घराच्या माळ्यावर सध्या हाच पेच सोडवणं चाललं आहे, आठ बाय चार फुटांच्या प्लायवर. गल्ली अरुंद, घरं एकमेकांना खेटून, ओटल्यावर लावलेल्या स्कूटरींमधून अंग चोरून आत शिरायचं आणि उभ्या लाकडी जिन्यानं वर जायचं. घराचे मालक रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नाव छापायचं नाही ही त्यांची अट, म्हणून नुसतं काका म्हणतो. "अहो, नाव छापलंत की उद्या निम्मा सलाटवाडा पोरं घेऊन गाडी बघायला येईल," हे त्यांचं कारण.

बडोद्यात परदेशी कोणीच नाही असं घर शोधावं लागतं. काकांच्या घरात तर तीन देश आहेत. लेस्टरच्या बहिणीनं हॉर्नबीचा सेट दिला, न्यू जर्सीच्या पुतण्यानं अ‍ॅटलसचे रूळ आणि एक अमेरिकन डिझेल पाठवलं, आणि जर्मनीतल्या भाच्यानं मार्क्लिनची पेटी आणली. शिवाय माळ्यावरच्या ट्रंकेत साठच्या दशकातले ट्रायँगचे चार-पाच डबे निघाले, काकांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेले. सगळ्यांचं गेज एकच, १६.५ मिलिमीटर. नातवानं पहिल्याच दिवशी तिन्ही देशांचे रूळ एकमेकांजवळ ठेवून पाहिले आणि जाहीर केलं, "आजोबा, सगळं एकच आहे, जोडून टाकू."

काका हसले. ज्यांचं आयुष्य सांध्यांच्या लिव्हरमागे गेलं त्यांना ठाऊक असतं, की सरळ रुळावर कोणीही चालतं. खरी परीक्षा सांध्यावर, जिथे एका वाटेच्या दोन वाटा होतात.

*

सरळ रुळावर चाकाला काम एकच: कडेनं धरून चालत राहायचं. चाकाच्या आतल्या बाजूला जी उंच कड असते, फ्लँज, ती रुळाच्या आत राहिली की झालं. सांध्यावर तेवढ्यानं भागत नाही. आधी टंग रेल, म्हणजे दोन्ही बाजूंना सरकणाऱ्या निमुळत्या पात्या. त्या मुख्य रुळाला घट्ट चिकटलेल्या नसतील तर फ्लँज फटीत घुसते आणि पुढचं चाक एका वाटेनं, मागचं दुसऱ्या वाटेनं. मग फ्रॉग, जिथे एका वाटेचा रूळ दुसऱ्या वाटेच्या रुळाला छेदतो. तिथे फ्लँज जायला रुळात खाच ठेवावीच लागते, आणि त्या खाचेवरून चाक क्षणभर अधांतरी जातं. ते भलतीकडे वळू नये म्हणून समोरच्या रुळाला लागून चेक रेल बसवलेली असते. ती जोडीतल्या दुसऱ्या चाकाला पाठीकडून धरून ठेवते.

म्हणजे सांध्याला चाकाच्या तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात: कड किती खोल, कड किती जाड, आणि एकाच धुऱ्यावरच्या दोन चाकांच्या पाठींमध्ये अंतर किती. यातलं कुठलंही माप गेजमध्ये येत नाही. पेटीवर "१६.५ मिमी" छापलेलं असतं ते फक्त दोन रुळांमधलं अंतर. पत्रिकेतले गुण जुळले एवढंच त्यातून कळतं, संसाराचं काही कळत नाही.

काकांनी खिडकीत बसून व्हर्निअर कॅलिपरनं डबे मोजले. अमेरिकन डिझेलच्या चाकांच्या पाठींमधलं अंतर १४.४ आणि १४.५ च्या दरम्यान. ट्रायँगच्या जुन्या डब्यांचं १४ च्याही आत, आणि त्यांच्या कडा अशा खोल की इंग्लंडातले हौशी लोक त्यांना पिझ्झा कापायचं चाकच म्हणतात. त्यांतला एक डबा त्यांनी बारीक मापाच्या नव्या सांध्यावरून बोटानं हळूहळू ढकलला. पात्यांवरून नीट गेला. फ्रॉगपाशी आल्यावर डब्याची पुढची बाजू किंचित उचलली गेली, केसभर, आणि खट्ट करून खाली बसली. पुन्हा ढकलला, पुन्हा तेच. काकांनी भिंग घेतलं. पाठी जवळजवळ असल्यामुळे एका बाजूचं चाक चेक रेलवर घासत होतं, दुसऱ्या बाजूचं फ्रॉगच्या पंखावर. दोन्हीकडून आवळलेल्या चाकाला जायला जागा नाही, मग ते वर चढतं. शिवाय फ्लँज इतकी खोल की खाचेच्या तळाला टेकते. हाताने ढकलताना नुसतं खट्ट. इंजिनामागे वेगात असतं तर डबा थेट प्लायवर.

हा घोळ जुना आहे. प्रत्येक कारखान्यानं आपलं माप आपल्यापुरतं ठरवायचं, आणि गिऱ्हाईक आपल्याच दुकानात बांधलं जावं म्हणून ते मुद्दाम वेगळं ठेवायचं, असाही काळ होता. त्याला कंटाळून १९३५ साली अमेरिकेत मिलवॉकीला हौशी लोकांनी एकत्र येऊन नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन काढली आणि रूळ कसा, चाक कसं, खाच किती याची मापं बांधून दिली. युरोपात हेच काम मोरोप या संघटनेनं केलं. त्यांची मापं एनईएम या नावानं चालतात. अमेरिकन संस्थेची एक छोटी पोलादी पट्टी मिळते. तिला ठिकठिकाणी दात आणि खाचा पाडलेल्या. ती चाकांमध्ये घाला, फ्रॉगमध्ये घाला, पात्यांच्या फटीत घाला. बसली तर बरोबर, नाही तर नाही. सांधे विकत घेण्याच्या आधी ही पट्टी विकत घ्यावी असं माझं मत आहे. काकांनी ती पाहिली आणि खिशातच ठेवून दिली. आमच्या खात्यात अशीच असायची, म्हणाले, फक्त दोन माणसांनी उचलायची.

*

आता इंग्लंड आणि बाकी जग यांच्यातलं एक विचित्र भांडण सांगायला हवं, कारण त्याशिवाय लेस्टरची पेटी कळत नाही. ओ गेजचं माप निम्मं करून एचओ आलं: खऱ्याच्या ८७ वा भाग, रूळ १६.५ मिमी. पण ब्रिटिश इंजिनं मुळात अंगानं बारीक. त्या काळच्या मोटारी ८७ व्या भागाच्या बॉयलरमध्ये मावेनात. मग इंग्रजांनी रूळ तोच ठेवला आणि इंजिन तेवढं मोठं केलं, ७६ व्या भागाचं. त्याला नाव ओओ. आजही हॉर्नबीची गाडी तिच्या रुळाच्या मानानं जाड दिसते ती यामुळे.

भारतीय ब्रॉडगेज करणाऱ्याला तर हे दुखणं दोन्हीकडून आहे. आपलं गेज १६७६ मिमी, जगातल्या सर्वांत रुंद गेजांपैकी. त्याचा ८७ वा भाग येतो सव्वाएकोणीस मिमी, आणि ७६ वा भाग चक्क २२. म्हणजे १६.५ च्या रुळावर उभी केलेली आपली गाडी पाय आवळून उभी राहिल्यासारखी दिसणार. रूळ स्वतः घडवणारे विरळा; बाकीचे हौशी हे चालवून घेतात, आणि घ्यावंच, कारण १९ मिमीचा तयार सांधा दुकानात मिळत नाही.

गंमत अशी, की डभोईच्या लाईनचं गेज मात्र या मापांत जवळजवळ चपखल बसतं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी. त्याचा ८७ वा भाग ८.७६. एन गेजचे रूळ ९ मिमीचे असतात. म्हणजे पाव मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसणार नाही. युरोपात ८७ व्या भागाच्या नॅरोगेजसाठी हेच ९ मिमी वापरतात आणि त्याचे वेगळे सांधेही मिळतात, ज्यांचे स्लीपर मोठे, अंतराअंतरावर आणि थोडे वाकडेतिकडे टाकलेले असतात. एन गेजचा साधा सांधा लावला तरी गाडी चालेल. फक्त त्याचे स्लीपर बारीक आणि दाट असल्यामुळे ती डभोईची लाईन न वाटता खेळण्यातली वाटेल. काकांना माळ्यावर नॅरोगेज हवंच आहे. मियागामला मालगाडीतून उतरवलेला माल हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गेजच्या डब्यात जायचा, तसा फलाट त्यांच्या डोक्यात आहे. टेबलाचा एक कोपरा त्यासाठी राखून ठेवला आहे आणि तिकडे नातवानं काही ठेवलेलं त्यांना खपत नाही.

*

रुळाची उंची हा पुढचा मुद्दा. दुकानदार "कोड १००", "कोड ८३", "कोड ७५" म्हणतात तेव्हा रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, कोड ८३ म्हणजे २.१, कोड ७५ म्हणजे १.९. हॉर्नबी कोड १००. अमेरिकेत १०० आणि ८३ दोन्ही चालतात. डेव्हनमधल्या बिअर गावच्या पेको कंपनीचे सांधे जगभर वापरतात. त्यांच्या स्ट्रीमलाइन मालिकेत १०० आणि ७५ दोन्ही आहेत, आणि बॉक्स सारखेच दिसतात. बॉक्स उलटा करून नीट वाचावा.

खऱ्या रुळाशी ताडून पाहिलं तर मजा येते. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच, ५२ किलोचा १५६. त्यांचा ८७ वा भाग जेमतेम २ आणि १.८. कोड ७५ या दोहोंच्या बरोबर मध्ये बसतो. कोड १०० उलट मोठा करून पाहिला तर येतो २२१ मिमीचा रूळ, आपल्याकडे कुठेही नसलेला. तेव्हा दिसण्याच्या दृष्टीनं ७५ कितीतरी सरस. पण ट्रंकेतल्या ट्रायँगच्या डब्यांच्या खोल कडा कोड ७५ वर रुळाला धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर आपटत जातात, टरर्र करत. जुने डबे चालवायचे असतील तर कोड १००, नाही तर त्यांची चाकं बदला.

दोन कोडचे रूळ एकत्र आणायचेच असतील तर मधे जोडपट्टी लागते, एका बाजूला एक उंची आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. काकांना यात नवल वाटलं नाही. रेल्वेतही ५२ किलोचा रूळ ६० ला जोडायचा तर साधी फिशप्लेट चालत नाही, कॉम्बिनेशन फिशप्लेट लागते. "आणि ती सांध्याजवळ कधी नाही हं," ते बोट नाचवत म्हणाले. सांध्याजवळ आधीच पुष्कळ काही चाललेलं असतं. उंचीचा बदल सरळ रुळावर करावा, एक-दोन डबे लांब. छोट्या रुळालाही हा नियम जसाच्या तसा लागू.

*

टेबल आठ बाय चार असल्यामुळे पुढचा प्रश्न वळणाचा. खऱ्या रेल्वेत सांधा कोनावरून ओळखतात: "एकास साडेआठ", "एकास बारा". बारा पावलं पुढे गेल्यावर दोन वाटा एक पाऊल लांब झाल्या, तो एकास बारा. आपल्या ब्रॉडगेजवर त्याच्या वळणाची त्रिज्या ४४१ मीटर आणि सांध्याची एकूण लांबी चाळीस मीटरच्या आसपास. हे ८७ नं भागा: त्रिज्या पाच मीटरच्या वर, लांबी ४६ सेंटिमीटर. नागरवाड्यातला अख्खा माळा पाच मीटरचा नाही.

म्हणून खेळण्यातला सांधा फसवाच असतो. हॉर्नबीचा साधा सांधा १६८ मिमी लांब, त्रिज्या ४३८, कोन साडेबावीस अंशांचा. बारा पावलांऐवजी जेमतेम अडीच पावलांत वाट फुटते. मार्क्लिनच्या सी मालिकेचा सांधा २४.३ अंशांचा, म्हणजे त्याहूनही थोडा तिरका. पेकोच्या स्ट्रीमलाइनमध्ये लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन त्रिज्या आहेत: २४, ३६ आणि ६० इंच. पण तिन्हींचा शेवटचा कोन सारखाच, १२ अंश. हे फार शहाणपणाचं काम आहे, कारण त्यामुळे लहानाला मोठा जोडला तरी दोन समांतर रुळांमधलं अंतर ठरलेलंच येतं, ५०.८ मिमी. हॉर्नबीचं अंतर ६७. या दोघांची सरमिसळ केली की समांतर रूळ समांतर राहत नाहीत, आणि मग माणूस ते वाकवून, ढकलून जुळवायला बघतो. दाबून जुळवलेला सांधा पावसाळ्यात प्लाय फुगला की सर्वांत आधी दगा देतो. अमेरिकन मंडळी सांध्याला नंबर देतात, चार, सहा, आठ, म्हणजे एकास चार वगैरे. तिथेही डोळे उघडे ठेवावेत: अ‍ॅटलसच्या एका मालिकेतला नंबर चार मोजला तर साडेचार निघतो, आणि नकाशा कागदावर काढताना तो अर्धा कुठून आला हे कळेपर्यंत संध्याकाळ जाते.

त्रिज्या किती घ्यावी याचं उत्तर इंजिन देत नाही, सर्वांत लांब डबा देतो. आयसीएफचा निळा डबा २१.३ मीटर, म्हणजे टेबलावर साडेचोवीस सेंटिमीटर. एलएचबीचा लाल डबा साडेतेवीस मीटर, म्हणजे २७. डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या असावी हा हौशी लोकांचा ढोबळ नियम. २७ ची तिप्पट ८१. पेकोचा लहान सांधा ६१, म्हणजे अपुरा. मध्यम ९१, म्हणजे पुरेसा. एका रुळावरून शेजारच्या रुळावर जाणारा क्रॉसओव्हर तर दोन सांध्यांच्या फुटणाऱ्या वाटा एकमेकींना जोडूनच होतो. तिथे गाडी आधी डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळते. लहान त्रिज्येत त्या क्षणी दोन डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना झुलतात, बफरात बफर अडकतो आणि हलका डबा रुळाबाहेर जातो. काकांचा निर्णय स्पष्ट: मेन लाईनवर मध्यम, यार्डात लहान. यार्डात मालडबे, ते आखूड. रेल्वेही हेच करते. प्रवासी गाडीच्या वाटेवर एकास बारा, मालाच्या यार्डात एकास साडेआठ.

मागवताना डावा-उजवा हा गोंधळ हटकून होतो. टंग रेलच्या टोकाशी उभं राहून फ्रॉगकडे बघायचं. वाट डावीकडे फुटली तर डावा. फ्रॉगकडून पाहिलं की सगळं उलटं.

*

आता वीज. इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ धन, दुसरा ऋण. इंजिन डाव्या चाकांनी एक घेतं आणि उजव्या चाकांनी दुसरा. फ्रॉगमध्ये मात्र डाव्या वाटेचा उजवा रूळ आणि उजव्या वाटेचा डावा रूळ एकाच बिंदूत येतात, एक धन आणि एक ऋण. दोघांना एकत्र येऊ दिलं तर शॉर्ट. पहिला उपाय, फ्रॉग प्लॅस्टिकचा करणं. पेको याला इन्सुलफ्रॉग म्हणते. जोडायला सोपा, तारेची कटकट नाही. पण चार चाकांचं छोटं शंटिंग इंजिन हळू चालवलं की त्याचं एक चाक प्लॅस्टिकवर येतं आणि दुसऱ्या चाकाखाली धुळीचा कण असतो. इंजिन तिथेच उभं. बोटानं टोचल्याशिवाय हलत नाही.

दुसरा उपाय, फ्रॉग धातूचाच ठेवणं आणि सांधा ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे फ्रॉगचा ध्रुव बदलणं. हा इलेक्ट्रोफ्रॉग. यावर कितीही छोटं इंजिन कितीही हळू चालतं. पण फ्रॉगच्या पुढे निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना प्लॅस्टिकची जोडपट्टी लावावीच लागते, नाही तर पुढून उलटी वीज आली की शॉर्ट. आणि ध्रुव बदलायचं काम पात्यांच्या स्पर्शावर सोडू नये. त्यासाठी वेगळा मायक्रोस्विच लावावा. उन्हाळ्यात इथे दुपारी खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळी टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. पात्यांच्या टोकाची ती इवलीशी जागा त्या धुळीत किती दिवस वीज पोचवणार?

अलीकडे पेकोनं युनिफ्रॉग नावाचा तिसरा प्रकार काढला आहे. फ्रॉग धातूचा, पण सगळ्यांपासून तोडलेला, खाली एक तार लोंबती. तार जोडली नाही तरी चालतो, जोडली तर उत्तम चालतो. नवीन माणसानं डोळे मिटून हाच घ्यावा.

डीसीसी हवं असेल, म्हणजे रुळांत कायम वीज आणि प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम, तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. जुन्या सांध्यांत उघडी पाती आणि तिच्या शेजारचा मुख्य रूळ यांचे ध्रुव विरुद्ध असतात आणि फट बारीक. धातूचं चाक पाठीनं तिथे घासलं की क्षणभर शॉर्ट. साध्या डीसीवर ठिणगी उडते आणि गाडी पुढे जाते. डीसीसीत रक्षक सर्किट लगेच सगळं टेबल बंद करतं. चाकांच्या पाठींमधलं अंतर कमी असलेला डबा हे हमखास करतो.

जर्मनीहून आलेल्या पेटीचं काय? मार्क्लिन १८५९ पासून ग्योपिंगेनला खेळणी बनवते आणि तिच्या एचओ गाड्या आपल्याच पद्धतीनं चालतात. दोन्ही रूळ विजेच्या दृष्टीनं एकच. दुसरी बाजू येते स्लीपरांच्या मधोमध असलेल्या बारीक टोकांमधून, आणि इंजिनाच्या पोटाखाली एक लांब पट्टी त्यांवरून घसरत जाते. सांध्यावर या पद्धतीला फ्रॉगचा प्रश्नच येत नाही, म्हणून ती मुलांच्या हातात फार विश्वासाची. पण तिच्या डब्यांची दोन्ही चाकं धुऱ्यातून जोडलेली असतात. हॉर्नबीच्या रुळावर तो डबा नुसता ठेवला तरी शॉर्ट. ज्यानं प्रेमानं आणलं त्याला हे कसं सांगायचं, हा नागरवाड्यातला अजून न सुटलेला प्रश्न आहे. भाचा डिसेंबरात यायचा आहे. मार्क्लिनची गाडी तोवर शोकेसच्या वर, आपल्याच रुळांच्या गोल फेऱ्यात धावते आहे.

*

गाड्यांचं हे वेड बडोद्यात आकाशातून पडलेलं नाही. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांसाठी छोटी रेल्वे होती, आमराईला वळसा घालणारी. तिचं इंजिन महाराजा फत्तेसिंह म्युझियमच्या दाराशी उभं आहे. सयाजीबागेत छोट्या गाडीत बसल्याशिवाय इथलं कुठलंच मूल मोठं झालेलं नाही. लालबागेत प्रतापविलास पॅलेसमध्ये १९५२ पासून रेल्वेचे अधिकारी शिकून गेले. डांगच्या दिशेनं जाणारी बिलिमोरा-वघई ही नॅरोगेज लाईनही गायकवाडांचीच. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास पॅलेसमध्ये तर नॉर्थँप्टनच्या बॅसेट-लोक कंपनीनं केलेली चांदीची गाडी जेवणाच्या टेबलावरून ब्रँडी आणि सिगार फिरवायची, पाहुण्यानं सुरई उचलली की आपोआप थांबायची.

पण मराठी माणसानं उभी केलेली खरी मोठी छोटी रेल्वे पहायची तर पुण्याला जावं. कोथरूडला भाऊ जोशींनी १ एप्रिल १९९८ ला मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं. एचओ मापाचं अख्खं शहर, अनेक गाड्या एकाच वेळी चालू, दिवे मालवले की सिग्नल आणि डब्यांच्या खिडक्या उजळतात. प्रेक्षक बोगदे आणि पूल पाहतात. मी म्हणेन, एकदा जाऊन फक्त सांधे पाहावेत: गाडी सांध्यावरून जाताना डबा हलतो का, आवाज बदलतो का. रोज खेळ लावणाऱ्यांना ते साधावंच लागतं. घरी पाहुण्यांसमोर गाडी घसरली तर हसून वेळ मारून नेता येते, तिकीट काढून आलेल्यांसमोर नाही.

*

सांधा हलवायचा कशानं, यावर आजोबा-नातवात दोन दिवस बोलणं बंद होतं असं काकू म्हणाल्या. काकांना सोलेनॉइड हवं: दोन कॉइल, बटण दाबलं की खट्ट. त्यांना तो आवाज लिव्हरचा वाटतो. पण सोलेनॉइडला वीज द्यायची ती क्षणभर. बटण दाबून धरलं तर कॉइल जळते, आणि जळक्या वार्निशाचा वास माळ्यावर आठवडाभर राहतो. त्यासाठी कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावतात. ते साठवलेली वीज एका झटक्यात सोडतं आणि बटण कितीही दाबून धरलं तरी पुढे काही जात नाही.

नातवाला सर्व्हो हवा. कॉलेजातली मुलं रोबोटसाठी वापरतात तो नऊ ग्रॅमचा निळा सर्व्हो रोबोटिक्सच्या सामानाच्या दुकानात स्वस्त मिळतो. परदेशी मोटारीवर टपालखर्च आणि कस्टम धरून जे जातं त्याच्या मानानं किरकोळ. पात्या खऱ्यासारख्या हळूहळू सरकतात. मात्र पेकोच्या सांध्यात पाती दोन्ही टोकांना आवळून धरणारी एक स्प्रिंग असते. सोलेनॉइडला ती हवीच. सर्व्होला ती आडवी येते, काढून टाकावी लागते. म्हणजे मोटार कोणती हेही सांधा बसवण्याआधी ठरवलेलं बरं, कारण नंतर गिट्टी चिकटवलेल्या रुळाखालून स्प्रिंग काढणं म्हणजे अख्खा सांधा उखडणं. शेवटी तोडगा निघाला: मेन लाईनला सर्व्हो, यार्डात सोलेनॉइड. यार्डाचं पॅनल काकांच्या खुर्चीसमोर.

ऑर्डर एकदम गेली नाही. आधी एक डावा, एक उजवा, दोन्ही पेकोचे, कोड १००, युनिफ्रॉग, मध्यम. कोड ७५ चा मोह काकांनी सोडला. ते सांधे फळीच्या तुकड्यावर ठोकून त्यांवरून घरातला सर्वांत वाईट डबा आधी चालवला, पुढे ढकलून, मागे ओढून, पात्यांच्या बाजूनं, फ्रॉगच्या बाजूनं. ट्रायँगच्या डब्यांना नवी धातूची चाकं बसली. जुनी काकूंनी औषधाच्या बाटलीत भरून, नाव लिहून ठेवली. अमेरिकन डिझेलनं कुठेच तक्रार केली नाही. हॉर्नबीचे जुने सांधे टेबलाच्या मागच्या बाजूला, जिथे गाड्या नुसत्या उभ्या करायच्या, तिथे गेले. मग उरलेल्या सांध्यांची यादी झाली.

यादीत नातवानं शेवटी हळूच एक डबल स्लिप लिहिला. दोन रूळ एकमेकांना छेदतात आणि शिवाय दोन्ही बाजूंनी एकमेकांवर जाता येतं, असा तो गुंतागुंतीचा सांधा. जागा वाचते आणि दिसतोही झकास. काकांनी चष्मा लावून यादी वाचली, पेन मागितलं आणि ती ओळ खोडली.

"अरे, डबल स्लिप नादुरुस्त झाला की आमचं जेवण केबिनमध्येच यायचं," ते म्हणाले. "तेही रात्रीचं. त्याच्याऐवजी दोन साधे डावे लिही."